साल्मोनेलाला आपलं नाव देऊन गेलेला सरकारी पशुवैद्य

बेलवाडीकडून अंथुर्ण्याला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि मधे मधे गोठे लागतात. कुठल्याही गोठ्यात डोकावलं तर दावणीच्या काळ्यापांढऱ्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला दिसतो आणि त्यावर बारा आकडे. गाय कुणाची, तिला लस कधी टोचली, हे त्या आकड्यांवरून काढता येतं. जनावर हजार मैलांवर जाऊन आजारी पडलं तरी त्याचा मूळ गोठा सापडला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. अमेरिकेच्या पशुवैद्यक खात्याने हाच हिशेब १८९०च्या सुमारास मांडला होता. इंग्लंडला बोटीने जाणाऱ्या गुरांच्या कानात क्रमांकाचे धातूचे बिल्ले ठोकले जाऊ लागले. त्या खात्याच्या प्रमुखाचं आडनाव आपल्याकडे बहुतेकांनी ऐकलेलं असतं, पण ते पोट बिघडल्यावर किंवा टायफॉइडचा ताप आल्यावर. साल्मोनेला या जंतूंच्या कुळाला ज्यांचं नाव मिळालं, ते डॅनिअल एल्मर साल्मन. नावामुळे अनेकांना हा मासळीशी संबंधित जंतू वाटतो. माशाचा इथे काहीही संबंध नाही.

साल्मन यांचा जन्म २३ जुलै १८५०चा, न्यू जर्सी राज्यातल्या माउंट ऑलिव्ह गावचा. आईवडील लहानपणीच गेले आणि नातेवाइकांच्या शेतावर ते वाढले. १८६८मध्ये कॉर्नेल विद्यापीठ सुरू झालं, त्याच वर्षी त्यांनी तिथे प्रवेश घेतला. विद्यापीठाने जेम्स लॉ नावाचे स्कॉटिश पशुवैद्य प्राध्यापक म्हणून आणले होते आणि साल्मन त्यांच्या हाताखाली तयार झाले. काही महिने पॅरिसजवळच्या आल्फोरच्या पशुवैद्यक शाळेतही काढले. १८७६मध्ये कॉर्नेलने त्यांना पशुवैद्यकातली डॉक्टरेट दिली. अमेरिकेत ही पदवी मिळवणारे ते पहिले. तोवर तिथे गुरांचा वैद्य म्हणजे नाल ठोकणारा किंवा ऐकीव औषधं देणारा माणूस, अशीच साधारण समजूत होती. प्रकृती बरी राहीना म्हणून साल्मन नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिल या डोंगराळ गावी गेले आणि तिथूनच सरकारच्या वतीने डुकरांच्या आणि गुरांच्या साथींचा अभ्यास करू लागले.

त्या वेळी अमेरिकेपुढचा मोठा प्रश्न एका गाईपासून सुरू झालेला होता. १८४३ साली ब्रुकलिनमधल्या पीटर डन नावाच्या दूधवाल्याने इंग्लंडहून आलेल्या जहाजावरची एक गाय विकत घेतली. तिच्या छातीत सांसर्गिक प्लुरोन्युमोनिया, म्हणजे गुरांचा फुप्फुसदाह होता. डनच्या गोठ्यातून तो शेजारच्या गोठ्यांत गेला आणि पुढची चाळीसेक वर्षं पूर्व किनाऱ्यावर ठाण मांडून बसला. शहरातले गोठे दारूच्या भट्ट्यांना लागून असत आणि भट्टीतला उरलेला चोथा गाईंच्या गव्हाणीत पडत असे. अंधार, दाटी, कोंडलेली हवा. खोकल्यातून पसरणाऱ्या रोगाला याहून चांगली जागा कोणती?

हा रोग ओळखणं अवघड होतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात. बरी झालेली गाय चारा खाते, दूध देते, तुकतुकीत दिसते. पण तिच्या फुप्फुसातला सडलेला तुकडा जाड आवरणात बंद होऊन तसाच राहिलेला असू शकतो. जंतू त्यात टिकून राहतात. अशी गाय बाजारात उभी केली तर अनुभवी डोळाही फसतो. म्हणून बाहेरून आलेल्या गुरांना बंदरावर नव्वद दिवस वेगळं ठेवायचा नियम झाला. आज तीन महिने हा काळ फार वाटतो, पण रोगाची चाल पाहिली की त्याचं कारण कळतं.

इंग्लंडने १८७९मध्ये हुकूम काढला की अमेरिकेतून आलेली गुरं धक्क्यावरच, दहा दिवसांच्या आत कापली पाहिजेत. म्हणजे ती आत नेऊन, चारून, चांगला भाव येईपर्यंत थांबायची सोय संपली. पाठोपाठ जर्मनी आणि फ्रान्सने अमेरिकन डुकराच्या मांसावर बंदी घातली, त्यात ट्रायकिना नावाचे सूक्ष्म कृमी सापडतात म्हणून. या बंद्यांत आरोग्याची काळजी किती आणि स्वतःच्या शेतकऱ्याला जपण्याचा हेतू किती, हा वाद तेव्हाही होता आणि अजून आहे. द्राक्ष-डाळिंबाच्या निर्यातीच्या बातम्या वाचणाऱ्यांना तो नवा वाटणार नाही.

२९ मे १८८४ रोजी अमेरिकेत ‘ब्युरो ऑफ अ‍ॅनिमल इंडस्ट्री’ची स्थापना करणारा कायदा झाला आणि साल्मन तिचे प्रमुख झाले. वय चौतिशीही पूर्ण नव्हतं. कायद्याने त्यांना माणसं दिली जास्तीत जास्त वीस! शिवाय केंद्राच्या अधिकाऱ्याला राज्याच्या संमतीशिवाय कुणाच्या गोठ्यात पाऊल टाकता येत नव्हतं. गवळी विरोधात, व्यापारी विरोधात, आणि असा रोगच नाही म्हणणारेही बरेच. १८८६मध्ये शिकागोच्या भट्टीवरच्या गोठ्यांत रोग सापडला, तेव्हा मात्र देशभरच्या गुरांच्या बाजाराचं केंद्रच धोक्यात आलं आणि तिजोरी सैल झाली.

साल्मन यांनी उपचाराचा नाद धरला नाही. रोगट भाग आखायचा, प्रत्येक जनावराची नोंद करायची, परवान्याशिवाय हलवू द्यायचं नाही, लागण झालेली आणि तिच्या सहवासातली गुरं सरकारने किंमत देऊन घ्यायची आणि मारायची, शवविच्छेदनात फुप्फुसं तपासायची. काम क्रूर होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. भरपाई मिळाली तरी दारची दावण रिकामी झालेल्या माणसाला सरकारी पशुवैद्य कसा दिसत असेल, याची कल्पना लम्पीच्या साथीत जनावर गमावलेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला सहज येईल. पाच वर्षांत सुमारे पंधरा लाख डॉलर खर्च झाले आणि १८९२च्या सप्टेंबरात देश या रोगापासून मुक्त झाल्याची घोषणा झाली. त्यानंतर अमेरिकेत तो परत आलेला नाही.

निर्यातीची बाजू त्यांनी याच काळात बांधली. बंदरावर तपासणी, कानात बिल्ला, बोटीवर गुरांना जागा आणि हवा किती मिळावी याचे १८९१च्या कायद्याखालचे नियम. इंग्लंडच्या धक्क्यांवर स्वतःचे पशुवैद्यही बसवले. इंग्रज तपासनिसाने एखादं फुप्फुस रोगट ठरवलं की बिल्ल्यावरून त्या जनावराचा माग अमेरिकेतल्या शेतापर्यंत काढायचा. तिथे रोग दिसत नसे आणि मग हा प्लुरोन्युमोनिया की प्रवासातला साधा न्यूमोनिया यावर दोन्हीकडचे तज्ज्ञ भांडत. कागद साल्मन यांच्या बाजूने होते. तरी इंग्लंडने १८९६मध्ये सर्वच परदेशी गुरांची धक्क्यावर कत्तल कायमची सक्तीची केली. रोग गेला, पण बाजार पूर्वीसारखा उघडला नाही. माझ्या मते साल्मन यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत बोलका प्रसंग आहे, आणि त्यांच्या चरित्रांत तो एखाद्या ओळीत उरकला जातो.

त्यांच्या खात्याची कीर्ती झाली ती गोचिडीमुळे. टेक्सासची धडधाकट गुरं उत्तरेला नेली की ती गेलेल्या वाटेवरची उत्तरेची गुरं तापाने फणफणून, लाल लघवी करून मरत. गोचिडींचा हा प्रताप असल्याचं गुराखी म्हणत, विद्वान हसत. साल्मन यांनी आधी नकाशावर रोगाची सीमारेषा आखली. मग खात्यातल्या थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी कुरणं वेगवेगळी आखून प्रयोग केले: एका कुरणात गोचिडी असलेली दक्षिणेची गुरं, दुसऱ्यात गोचिडी वेचून काढलेली, तिसऱ्यात नुसत्या गोचिडी. जिथे गोचीड होती तिथेच उत्तरेची गुरं मेली. कूपर कर्टिस यांनी गोचिडीचं जीवनचक्र उलगडलं होतं. १८९३मध्ये निष्कर्ष छापले गेले आणि रक्तातला परजीवी गोचिडीमार्फत पसरतो हे सिद्ध झालं. डासातून मलेरिया पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी दाखवलं त्याच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. इंदापूर-बारामतीकडे संकरित गाईला गोचीड ताप येतो, त्यातला लाल लघवीचा प्रकार म्हणजे याच कुळातला बबेसिया. खिलार त्याला बरीच दाद देत नाही, होल्स्टिन मात्र आडवी होते.

साल्मोनेलाची कथा गमतीची आणि थोडी अन्यायाचीही. डुकरांच्या कॉलऱ्याचं कारण शोधताना १८८५मध्ये एक जंतू सापडला. प्रयोगशाळेतलं काम मुख्यतः स्मिथ यांचं, पण अहवालावर नाव खातेप्रमुखाचं. १९००मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लिन्येर यांनी त्या कुळाला साल्मोनेला म्हटलं. तीनच वर्षांनी साल्मन यांच्याच खात्यातल्या द श्वाइनिट्झ आणि डॉर्सेट यांनी दाखवून दिलं की डुकरांचा तो रोग विषाणूमुळे होतो. साल्मोनेला हा नंतर घुसणारा पाहुणा. म्हणजे ज्या शोधाने नाव अमर झालं, त्याचा निष्कर्षच चुकीचा होता. त्या चुकीतूनही एक गोष्ट हाती लागली होती. तापवून मारलेले जंतू टोचले तरी कबुतरांना त्या जंतूपासून संरक्षण मिळतं, हे साल्मन आणि स्मिथ यांनी १८८६मध्ये दाखवलं. मेलेल्या जंतूंची लस ही कल्पना इथून रुजली. १८९७मध्ये मुंबईत हाफकिन यांनी तयार केलेली प्लेगची लसही तापवून मारलेल्या जंतूंचीच होती.

१९०२च्या अखेरीस बोस्टनच्या परिसरात लाळ्या-खुरकूत आला. साल्मन तिथे गेले, जुनी पद्धत वापरली आणि काही महिन्यांत तो आटोपला. पण शेवट वेगळ्याच कारणाने जवळ येत होता. मांसावर लावायची तपासणीची लेबलं छापण्याचं कंत्राट ज्या छापखानदाराकडे होतं, त्याच्याशी साल्मन यांची पूर्वीची भागीदारी उघड झाली. खात्याच्या मंत्र्यांनी त्यांना दोषी धरलं नाही, तरी १९०५ संपताना त्यांना पद सोडावं लागलं. एकवीस वर्षं ज्यांचा शिक्का म्हणजे विश्वास होता, त्यांच्यावर शिक्क्याच्या कागदावरूनच संशय आला. दोनतीन महिन्यांत अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही शिकागोच्या कत्तलखान्यांवरची कादंबरी पुस्तकरूपात आली आणि मांस तपासणीचा कडक कायदा जूनमध्ये झाला. तेव्हा साल्मन खुर्चीत नव्हते.

त्याच १९०६ सालात त्यांच्या खात्याची परीक्षा भारतातून गेलेल्या गुरांनी घेतली. आपली गुरं गोचिडीला पुरून उरतात, हे ऐकून टेक्सासच्या एका मोठ्या गुरांच्या शेतावरचे अ‍ॅबल बॉर्डन इथे आले आणि वशिंडाची गुरं घेऊन गेले. न्यूयॉर्क बंदरातल्या एका बेटावर ५१ गुरं उतरवली गेली. विलगीकरणात त्यांच्या रक्तात ‘सरा’ रोगाचे परजीवी सापडले. सरा मुख्यतः घोड्या-उंटांचा काळ; त्याचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८०मध्ये डेरा इस्माईल खान इथे प्रथम पाहिला होता. पुढे पुण्यात १८८९मध्ये निघालेल्या सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. गाईबैलांत मात्र तो गुपचूप राहतो, वरून काही दिसत नाही. ती गुरं थेट टेक्सासला गेली असती तर तिथल्या घोड्यांचं काय झालं असतं, सांगायला नको. नोव्हेंबरात बेटावरून ३३ गुरं सुटली. अमेरिकेच्या आजच्या ब्रह्मन जातीत त्यांचं रक्त आहे.

साल्मन तोवर उरुग्वेकडे वळले होते. मोन्तेविदेओ इथे त्यांनी पशुवैद्यक शाळा चालवली, काही वर्षांनी परतले आणि मोंटाना राज्यातल्या ब्यूट या खाणींच्या गावी एका कारखान्याचे प्रमुख झाले. तिथे डुकरांच्या कॉलऱ्यावरचा सिरम बनत असे, विषाणूवर चालणारा. ३० ऑगस्ट १९१४ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. कारण होतं न्यूमोनिया.