धानाचे मूळ आणि डॉ. पंजाबराव देशमुख

रोवणी आटोपली की आमगावच्या बांध्या हिरव्यागार दिसतात. धुऱ्यावरून आपल्याला शेंडा दिसतो. पण धानाला फुटवे किती येणार, हे चिखलाखालच्या दोन बोटांत ठरते. सत्तर वर्षांपूर्वी ही गोष्ट देशभरच्या धान शेतकऱ्यापर्यंत नेण्यासाठी विदर्भाच्याच एका माणसाने मोहीम उघडली. ते म्हणजे डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख.

पापळ ते दिल्ली

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे शेतकरी कुटुंबात झाला. परदेशात शिकून ते बॅरिस्टर झाले, वेदवाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली आणि अमरावतीला परतले. मध्यप्रांत-वऱ्हाडात मंत्री असताना त्यांनी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यासाठी कर्ज लवाद कायद्याचा आग्रह धरला. शेतकऱ्यांची मुले शिकावीत म्हणून श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. पुढे ते संविधान सभेचे सदस्य झाले आणि १९५२ पासून दहा वर्षे केंद्रात कृषी खाते सांभाळले.

जपानी पद्धतीची मोहीम

त्या काळी देशात धान्याची टंचाई होती आणि परदेशातून धान्य आणावे लागे. १९५३ मध्ये भाऊसाहेबांनी जपानी पद्धतीच्या धानशेतीची मोहीम देशभर सुरू केली. आमगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि जुन्या मध्य प्रदेश राज्यात होते.

पद्धत साधी होती. मिठाच्या पाण्यातून निवडलेले बियाणे, गादीवाफ्यावरचे पऱ्हे, भरपूर खत, दोरी धरून सुमारे २५ सें.मी. अंतरावर रोवणी आणि ओळींतून हातकोळपे. बियाणे नेहमीपेक्षा कितीतरी कमी लागे. विरळ रोवलेली बांधी सुरुवातीला रिकामी दिसे. वर्षभराचे पोट ज्या बांधीवर, तिथे बियाणे कमी टाकायला धीर लागतो.

चिखलाखाली काय घडते?

हळद, आले किंवा सुरण जमिनीखालच्या खोडात अन्न साठवतात आणि त्या खोडावरच्या डोळ्यांतून नवे कोंब फुटतात. धान असा कंद धरत नाही, पण त्याचेही खोड बुडाशी आखडलेले असते. तिथे पेरे एकावर एक दाटलेली असतात. प्रत्येक पेऱ्याशी एक डोळा असतो. त्यातून फुटवा निघतो आणि पेऱ्यातूनच नवी मुळे सुटतात. बियाण्यातून आलेले पहिले मूळ थोडेच दिवस टिकते. पुढे रोपाला पोसतात ती ही पेऱ्यांची मुळे.

पऱ्हे खोल खुपसले की खालच्या डोळ्यांना हवा आणि ऊब मिळत नाही. रोप आधी वर सरकून नवी मुळे काढते, त्यात दिवस जातात आणि फुटवे घटतात. एका चुडात सात-आठ रोपे असली, तर ती अन्न-उजेडासाठी आपसांतच भांडतात.

पाण्यात उभ्या धानाचे मूळ गुदमरत का नाही? पानांतून येणारी हवा खोडातल्या व मुळांतल्या पोकळ्यांतून खाली उतरते. पण पाणी सतत तुंबले आणि कच्चा काडीकचरा कुजत राहिला, तर मुळे काळी पडतात आणि त्यांना कुजकट वास येतो.

मोहिमेचे पुढे काय झाले?

ही पद्धत सगळीकडे रुजली नाही. दोरीने रोवायला मजूर जास्त लागत, खत विकत घ्यावे लागे आणि रोवणीच्या दिवसांत वेळ कमी असे. भाऊसाहेबांचे १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत निधन झाले. खताला साथ देणारे बुटके वाण आपल्या बांध्यांत पसरले ते त्यानंतर. १९६९ मध्ये अकोल्याला स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्याच विद्यापीठाची साकोली आणि सिंदेवाही येथील केंद्रे आज आपल्या भागासाठी धानावर संशोधन करतात.

या हंगामात आपण काय करावे?

- १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाका. तरंगणारे काढून टाका. तळाचे बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.
- पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे असताना रोवा. उपटताना मुळे तोडू नका.
- एका चुडात २-३ रोपे, २ ते ३ सें.मी. खोलीवर, सरळ लावा.
- अंतर वाणाच्या शिफारशीप्रमाणे ठेवा. हलक्या वाणांना फुटव्यासाठी दिवस कमी मिळतात, म्हणून त्यांची रोवणी थोडी जवळ करा.
- रोवणीनंतर तीन आठवड्यांनी एक चूड मातीसकट उपटून धुवा. पांढरी व तांबूस मुळे निरोगी असतात. ती काळी दिसली, तर पाणी सोडून बांधीला हवा खाऊ द्या.

भाऊसाहेबांच्या मोहिमेतली दोरी सर्वांना परवडली नाही. पण उथळ रोवणी आणि चुडात कमी रोपे यांना पैसा लागत नाही. एका बांधीत करून पाहा आणि फुटवे स्वतः मोजा.