कपाट, कॉम्प्युटर आणि जगदीशचंद्र

मी इंजिनीअरिंगला आहे म्हणजे घरात बंद पडलेली कुठलीही वस्तू मला दुरुस्त करता येते, असा आमच्या घरच्यांचा ठाम समज आहे. दिवाळीच्या सुट्टीत गेले तर काम तयारच होतं. दोन जुने कॉम्प्युटर. बाबांचा दुकानाच्या हिशेबाचा बाहेरच्या खोलीत राउटरजवळ, माझा आतल्या खोलीत. हिशेबाची फाईल वायरलेसवरून आत पाठवली की निम्म्यावर अडकायची. पिंग करावं तर चारातलं एखादंच उत्तर परत यायचं.

मी काय केलं? ड्रायव्हर बदलला, चॅनेल बदलला, पासवर्ड बदलला, सगळं एकदम! परिणाम असा की मघाशी निदान एकमेकांना दिसणारे कॉम्प्युटर आता दिसेनासेच झाले. दोन दिवस वाया आणि बाबांचा चेहरा बघवेना.

त्याच सुट्टीत मायक्रोवेव्हच्या व्हायवासाठी मी जगदीशचंद्र बोस यांच्याबद्दल वाचत होते. आपल्या लॅबमध्ये बेंचवर हॉर्न अँटेना असतो ना, तो आधी वापरणाऱ्यांपैकी हा माणूस. मॅन्युअलमध्ये त्यांचं नाव नाही, म्हणून इथे सांगते.

त्यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 चा, बंगालमधल्या मैमनसिंगचा. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. त्या काळी साहेबी नोकरीतले लोक मुलांना इंग्रजी शाळेत घालत. यांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. आधी मातृभाषा, मग इंग्रजी, असं त्यांचं मत. वर्गात कोळ्याचा मुलगा आणि शिपायाचा मुलगा शेजारी बसायचे. मी स्वतः कॉन्व्हेंटची, 'ळ' लिहिताना अजून अडखळते, त्यामुळे हे वाचून थोडं लागलंच. पुढे मात्र तेही कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये गेले. तिथे फादर लाफाँ यांनी त्यांना प्रयोगाची गोडी लावली.

लंडनला गेले ते डॉक्टर व्हायला. पण तापाने हैराण झाले, वैद्यकी सोडली आणि केंब्रिजला विज्ञान शिकले. 1885 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात नोकरी लागली. तिथे हिंदी प्राध्यापकाला युरोपियनाच्या दोन-तृतीयांश पगार मिळे आणि नेमणूक हंगामी म्हणून त्याचाही अर्धा. बोस यांनी भांडण केलं नाही, राजीनामाही दिला नाही. रोज शिकवायला गेले, फक्त पगार घेतला नाही. तीन वर्षं! घरी वडिलांचं कर्ज होतं हे लक्षात घ्या. शेवटी सरकारने नमतं घेतलं, मागचा सगळा पगार पूर्ण दिला आणि त्यातून कर्ज फेडायला मदत झाली.

प्रयोगशाळा म्हणाल तर बाथरूमशेजारची एक छोटी खोली. 1894 च्या सुमारास त्यांनी तिथे हर्ट्झच्या लहरींवर काम सुरू केलं. 1895 मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये लोकांसमोर तारेशिवाय दूरची घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. प्रयोगशाळेत त्यांनी लहर आखूड करत करत 5 मिलिमीटरवर आणली. म्हणजे 60 गिगाहर्ट्झ! 2012 मध्ये 802.11एडी हे वायफायचं स्टँडर्ड आलं, ते याच पट्ट्यात चालतं.

पण मला सगळ्यात आवडली ती त्यांची बिघाड शोधायची पद्धत. तेव्हाचा रिसीव्हर म्हणजे 'कोहेरर', काचेच्या नळीत धातूचा कीस. लहर आली की कीस एकमेकांना चिकटणार आणि करंट जाणार. मग टिचकी मारून तो मोकळा करायचा, नाहीतर पुढची लहर कळणार नाही. शिवाय कधी चालायचा, कधी नाही. बोस यांनी बघितलं की गडबड होते ती कणांच्या स्पर्शबिंदूंवर, कारण प्रत्येक ठिकाणचा दाब वेगळा. म्हणून कीस काढून त्यांनी स्टीलच्या बारीक स्प्रिंगा ओळीने बसवल्या आणि स्क्रूने दाब सारखा केला. स्प्रिंगा गंजू नयेत म्हणून वर कोबाल्टचा थर दिला. 1899 मध्ये लोखंड आणि पारा वापरून त्यांनी टिचकी न मारता चालणारा डिटेक्टर मांडला. मार्कोनीने डिसेंबर 1901 मध्ये न्यूफाउंडलँडला अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकला, तेव्हा त्याच्याकडेही पाऱ्याचाच डिटेक्टर होता. तो मुळात बोस यांचा, असं अनेक अभ्यासक मानतात.

बोस यांना पेटंटची हौस नव्हती. मित्रांनी फार आग्रह केला म्हणून गॅलेना डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट घेतलं गेलं, ते 1904 मध्ये मिळालं. पैसा त्यांनी त्यातूनही केला नाही.

रिसीव्हर सतत वापरला की मंदावतो आणि विश्रांती दिली की सुधारतो, हेही त्यांच्या लक्षात आलं. दुसरा कोणी वैतागून नवा आणला असता. यांनी विचारलं की धातू थकतो का? मग स्नायू आणि झाडं यांचं काय? इथून ते वनस्पतींकडे वळले. लंडनच्या शरीरशास्त्रज्ञांनी विरोध केला, पण ते मागे हटले नाहीत. त्यांचे सगळेच निष्कर्ष आज मान्य आहेत असं नाही, पण झाडाची सूक्ष्म वाढ मोजणारा त्यांचा क्रेस्कोग्राफ बघून लोक थक्क झाले. 1917 मध्ये वाढदिवशीच त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट सुरू केली. 1920 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. 23 नोव्हेंबर 1937 ला गिरिडीहला गेले.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि सगळी सेटिंग्ज पहिल्यासारखी केली. आता एका वेळी एकच बदल, आणि दर वेळी पिंग करून वहीत नोंद. चॅनेल बदलला, फरक नाही. ड्रायव्हर बदलला, फरक नाही. तेवढ्यात आजी सहज बोलून गेली की दसऱ्याला कपाट सरकवल्यापासून ही खोली अंधारीच झाली आहे. माझी ट्यूब पेटली! लोखंडी कपाट बरोबर राउटरच्या वाटेत, आणि अडॅप्टर कॉम्प्युटरच्या मागे, पत्र्याच्या आड. आपली 2.4 गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची. भिंतीतून ती बरीचशी जाते, पण एवढ्या मोठ्या लोखंडी पत्र्यातून नाही जात. यूएसबीची एक्स्टेन्शन केबल लावून अडॅप्टर कपाटाच्या वर ठेवलं. चारपैकी चार उत्तरं आली आणि फाईल पूर्ण गेली.

व्हायवात मला बोस विचारलेच नाहीत. पण आता होस्टेलवर नेट गेलं की मी आधी पासवर्ड बदलत नाही. वही काढते.