डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचा पोशाख

थोर स्त्रीपुरुषांची चरित्रे आमच्या वार्षिकात पुष्कळ वेळा येतात. त्यांत विद्या, प्रवास, व्याख्याने, मानसन्मान यांचे वर्णन असते. परंतु त्या व्यक्तीच्या अंगावर कोणते वस्त्र होते व ते तिने का व कसे बेतले होते, हे सांगण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाही. शिवणवर्गातील आमच्या मुलींना हा प्रश्न क्षुल्लक वाटणार नाही, अशी आमची समजूत आहे. म्हणून पाश्चात्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या महाराष्ट्रीय स्त्रीचे, कै. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे, चरित्र आम्ही येथे त्यांच्या लुगड्याच्या धाग्याने सांगणार आहो.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी या टपाल खात्यातील गृहस्थांशी झाला. गोपाळराव वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, स्वभावाने विक्षिप्त व हट्टी. आणि त्या हट्टाचा मुख्य विषय पत्नीचे शिक्षण हा होता. इतर घरी सुनेने पुस्तक हाती घेतले म्हणून रागे भरत, या घरी ते खाली ठेवले म्हणून! चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस मुलगा झाला व दहा दिवसांतच तो गेला. स्त्रियांच्या दुखण्यांसाठी स्त्री-वैद्य पाहिजेत, हा विचार त्या दुःखानंतर त्यांच्या मनात दृढ झाला.

गोपाळरावांची नोकरी बदलीची. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असे करीत हे दांपत्य बंगालमधील श्रीरामपुरास पोचले. कोल्हापुरात असता, १८७८ साली, गोपाळरावांनी पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणाबद्दल वाइल्डर नावाच्या मिशनरी साहेबांस पत्र लिहिले होते. साहेबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा सल्ला दिला, आणि तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापला गेला. दंतवैद्याच्या घरी आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या दृष्टीस तो अंक पडला, त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले, आणि पुढे आनंदीबाईंस त्यांच्या रूपाने परदेशात दुसरी माताच लाभली. आम्ही मिशनच्या छायेत वाढलो व शिकलो; तरीही अट घालणाऱ्या उपदेशापेक्षा बिनशर्त आलेल्या त्या पत्राने अधिक काम केले, हे लिहिताना आम्हास संकोच वाटत नाही.

श्रीरामपूरच्या कॉलेजात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी अठरा वर्षेही पुरी न झालेल्या या मुलीने भरसभेत इंग्रजीत भाषण केले. आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ. अन्न, आचार व पोशाख बदलणार नाही, असे तिने त्या सभेस सांगितले. ७ एप्रिल रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या व ४ जून रोजी न्यूयॉर्क येथे उतरल्या. रोझेल या गावी कार्पेंटरबाईंच्या घरी काही महिने राहून ऑक्टोबरात फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला. आणि मग हिवाळा आला.

आता त्या प्रतिज्ञेतील पोशाख म्हणजे काय, ते पाहू. लुगडे हे न शिवलेले वस्त्र. म्हणूनच ते कोणाही बाईस बसते. उंच-ठेंगणी, स्थूल-कृश, प्रत्येक जण आपल्या अंगाप्रमाणे निऱ्या व ओचा कमीअधिक करते. चोळी मात्र शिवावी लागते. ती घरोघर बायकाच खणातून शिवीत. पाठ, बाह्या, बगला असे लहान लहान तुकडे असे बेतावयाचे की खणातील चिंधीही वाया जाऊ नये. मागची चोळी नव्या खणावर ठेवून पाहिली की झाले माप! उन्हाच्या देशासाठी यापेक्षा सोयीचा पोशाख सापडणे कठीण. परंतु कासोटा घातलेल्या नऊवारीत पोटऱ्यांचा भाग उघडा राहतो, आणि चोळी फासळ्यांखाली उतरत नाही. घाटावरच्या आपल्या बुलढाण्यास पौषात पहाटे बाहेर निघताना अंगावर घोंगडी नसेल तर काय होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. फिलाडेल्फियास तर बर्फ पडते.

त्याच काळी अमेरिकेत घरगुती शिवणकाम भरभराटीस आले होते. इलियास हाऊ याने १८४६ साली व आयझॅक सिंगर याने १८५१ साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले होते. पुढे १८६३ साली एबेनीझर बटरिक या शिंप्याने निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने काढले. नमुना विकत आणावा, कापडावर टाचण्यांनी बसवावा, आपल्या कंबरेस व खांद्यास जुळेल असा थोडा कापावा किंवा वाढवावा, आणि यंत्रावर शिवावा. परंतु हे सारे नमुने आवळलेल्या कंबरेच्या पायघोळ झग्यांचे. लुगडे नेसणाऱ्या विद्यार्थिनीने थंडीत काय ल्यावे, याचा नमुना कोणत्याच दुकानात नव्हता.

दोन वाटा सरळ होत्या. झगा घालावा, म्हणजे ऊब मिळे, पण दिलेला शब्द जाई. नऊवारीच चालू ठेवावी, म्हणजे शब्द राही, पण प्रकृती जाई. आनंदीबाईंनी तिसरी वाट काढली. गुजराती स्त्रियांप्रमाणे घोट्यांपर्यंत निऱ्या सोडून व पदर उजव्या खांद्यावरून पुढे आणून त्या लुगडे नेसू लागल्या. पाहणारास ही बाब किरकोळ वाटेल. पण नेसण बदलली की आतले सारेच बदलते. कासोटा गेला, म्हणजे निऱ्या खोचावयास परकर हवा. थंडी अडवावयाची, म्हणजे कंबरेपर्यंत उतरणारी व मनगटापर्यंत बाह्या असलेली चोळी हवी. आणि बाही लांबविणे म्हणजे नुसते कापड जोडणे नव्हे! कोपराशी ढील ठेवावी लागते, मनगटाशी आवळावे लागते, मुंढा नव्याने कोरावा लागतो, नाहीतर हात वर केला की पाठ ताणते. ज्या विद्यार्थिनीस दिवसभर शवविच्छेदनाच्या मेजाशी वाकून उभे राहावयाचे, तिला ही ढील केवळ शोभेची बाब नव्हती.

गोपाळरावांची पत्रे या काळात कित्येकदा कठोर असत. पत्नीने शिकावे हा आग्रह त्यांचाच, आणि ती आपल्या हातून निसटेल ही धास्तीही त्यांचीच. सहस्रावधी मैलांवरून आलेला संशय वाचून दुसऱ्या दिवशी शरीरशास्त्राची परीक्षा देणे, याहून अवघड परीक्षा दुसरी कोणती असेल? आमच्या मते त्यांनी केलेला बदल प्रतिज्ञेचा भंग नव्हता. सभेपुढे त्यांनी आपला पोशाख न टाकण्याचे वचन दिले होते. त्यात गारठून मरण्याचे नव्हे.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले त्या कॉलेजातील एक छायाचित्र आजही उपलब्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या साबात इस्लामबूली. तिघीही आपापल्या देशाच्या वेषात आहेत. शिवणाऱ्या मुलींनी ते अवश्य पाहावे. जपानी किमोनो सरळ पट्ट्यांचा शिवतात, त्यास वळणाचा काप जवळजवळ नसतोच. लांबी जास्त झाली तर कंबरेशी दुमडून पट्ट्याखाली घेतात. आपल्या ओच्याशी त्याचे नाते पाहून आम्हास मौज वाटली.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंस एम्. डी. ची पदवी मिळाली. प्राचीन आर्यांचे प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने शरीर पोखरले होते. लुगड्याच्या निऱ्या घोट्यापर्यंत आल्या, तरी त्या हवेने व न मानवणाऱ्या अन्नाने व्हावयाचे ते केलेच. १८८६ च्या अखेरीस त्या स्वदेशी परतल्या. कोल्हापुरास रुजू होण्याचा योग आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. बावीसावे वर्षही पुरे व्हावयाचे होते.

पुढच्याच वर्षी, १८८८ साली, कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंनी त्यांचे चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले. मराठीत ते काम काशीबाई कानिटकरांनी केले. आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या, आणि त्या बाईंनी न्यूयॉर्क संस्थानातील पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या पुरल्या.