न्यूनगंडाचा डॉक्टर : आल्फ्रेड ॲडलर

न्यूनगंड हा शब्द आपल्या चळवळीत इतका रुळला आहे की तो आला कुठून, असे कोणी विचारत नाही. शिबिरात वक्ता न्यूनगंड सोडायला सांगतो, वसतिगृहात मोठी मुले लहानांना तेच सांगतात. सोडायचा कसा, हे मात्र कोणी सांगत नाही. या शब्दामागची कल्पना जगभर पोचवली ती व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड ॲडलर यांनी. फ्रॉइडचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, ॲडलर मागे राहिले. आंबेडकरी तरुणाला दोघांपैकी एकाचेच काही वाचायला सांगायचे झाले, तर मी ॲडलर सांगेन.

७ फेब्रुवारी १८७० रोजी व्हिएन्नाच्या वेशीवरच्या रुडॉल्फ्सहाइम वस्तीत त्यांचा जन्म झाला. वडील धान्याचे व्यापारी, घर ज्यू. आल्फ्रेडला मुडदूस होता, त्यामुळे चौथे वर्ष लागेपर्यंत त्याला नीट चालता येत नव्हते. थोरला भाऊ अंगणात धावायचा आणि हा पट्ट्यांत गुंडाळलेला, बाकावर बसून बघायचा. धाकटा भाऊ त्याच्याच खोलीत, शेजारच्या बिछान्यात वारला. पाचव्या वर्षी आल्फ्रेडला न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी आशा सोडल्याचे वडिलांना सांगितले. पोरगा वाचला, आणि मोठेपणी डॉक्टर व्हायचे हे त्याने तेव्हाच ठरवले.

शाळेत गणित कच्चे होते. मास्तरांनी वडिलांना सल्ला दिला, याला शाळेतून काढा आणि जोडे शिवायच्या कामाला लावा. असा सल्ला आपल्याकडे किती आईबापांना ऐकवला गेला, ते वाचकांना सांगायला नको. फरक इतकाच की आपल्याकडे तो गुण बघून नव्हे, आडनाव बघून दिला जायचा. ॲडलरच्या वडिलांनी ऐकले नाही. पोराने जिद्दीने गणित केले आणि वर्गात पहिला आला. मुलाची कुवत जन्मतः ठरलेली नसते आणि शिक्षकाने तिच्यावर शिक्का मारणे हाच मोठा अपराध, हे त्यांचे आयुष्यभराचे मत त्या वर्गातून आले असावे.

१८९५ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळाली. दोन वर्षांनी रैसा एपस्टाइन या रशियन तरुणीशी लग्न झाले. रैसा समाजवादी, स्वतंत्र बाण्याची, चळवळीत नवऱ्यापेक्षाही पुढे. व्हिएन्नात राहणाऱ्या ट्रॉट्स्की कुटुंबाशी त्यांचा घरोबा होता. ॲडलर यांनी दवाखाना थाटला तो प्राटर या जत्रेच्या बागेजवळ. तिथे हॉटेलातले वेटर यायचे, तसे सर्कशीतले कसरतपटूही यायचे. लहानपणी अशक्त असलेली माणसे कसरत करून पोट भरत आहेत, हे त्यांनी तिथे पाहिले. शरीरातली उणीव भरून काढायला माणूस दुप्पट ताकद लावतो, या त्यांच्या सिद्धांताची सुरुवात इथली. १९०७ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले.

त्याआधीचे एक छोटे पुस्तक मला जास्त महत्त्वाचे वाटते. १८९८ चे, शिंपीकाम करणाऱ्यांच्या आरोग्यावरचे. कोंदट खोलीत, अपुऱ्या उजेडात, वाकून तासन्‌तास शिवणाऱ्या कामगारांना क्षय का होतो, पाठ आणि डोळे का जातात, हे त्यात मांडले होते. रोगाचे मूळ कामाच्या परिस्थितीत आहे, तेव्हा औषधाबरोबर कायदाही हवा, असा त्याचा रोख. पुढे मनाचा डॉक्टर झालेला हा माणूस आधी कामगारांचा डॉक्टर होता, हे लक्षात ठेवले तर त्यांचे बाकीचे विचार नीट कळतात.

१९०२ मध्ये फ्रॉइड यांनी त्यांना आपल्या घरी भरणाऱ्या बुधवारच्या बैठकीला बोलावले. ॲडलर तिथल्या पहिल्या चार-पाच जणांपैकी. १९१० मध्ये ते व्हिएन्नाच्या मनोविश्लेषण संस्थेचे अध्यक्ष झाले, आणि पुढच्याच वर्षी बाहेर पडले. वाद मुळाचा होता. फ्रॉइड यांच्या मते माणसाला मागून ढकलणारी शक्ती म्हणजे दडपलेली लैंगिक प्रेरणा. ॲडलर म्हणत, माणूस पुढे कशाकडे चालला आहे ते बघा. प्रत्येक मूल मोठ्यांच्या जगात लहान आणि दुबळे असतेच, म्हणून उणेपणाची भावना हा आजार नव्हे, वाढीचे इंधन आहे. तिचा गंड होतो तो मूल एकटे पडले, चेपले गेले किंवा फाजील लाडावले गेले म्हणजे. मग कोणी कोशात जातो, कोणी दुसऱ्यावर वर्चस्व गाजवून ती भावना झाकतो. वर्चस्वाच्या हट्टाखालीही न्यूनगंडच असतो, हे त्यांचे निरीक्षण संघटनांमधल्या नेतेपणाच्या भांडणांना लावून बघण्यासारखे आहे.

स्त्रियांचे दुय्यमपण निसर्गाने दिलेले नाही, समाजाने घडवलेले आहे, हेही त्यांनी त्या काळात स्पष्ट मांडले. सगळ्याच बाबतीत मात्र ते पुढे नव्हते. समलैंगिकतेला त्यांनी मनाचा बिघाड मानले आणि त्या मताने नुकसानच केले.

पहिल्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर होते. बरे झालेले जवान पुन्हा आघाडीवर पाठवायचे की नाही, यावर सही त्यांची. त्या सह्यांनी त्यांची झोप उडवली. युद्धानंतर त्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा येऊ लागला, त्याला मराठीत समाजभाव म्हणता येईल. आपण माणसांत आहोत, माणसांचे आहोत, आणि आपल्या हातून त्यांचे काही व्हावे, ही जाणीव. काम, सोबत आणि प्रेम या तिन्ही गोष्टी याच भावनेवर उभ्या राहतात आणि मन निरोगी आहे की नाही याची कसोटीही तीच, असे ते मानत. आपल्याला मैत्री या बौद्ध संकल्पनेची आठवण होईल. तरी दोन्ही एक नाहीत. ॲडलर यांची वाट दवाखान्यातून आणि शाळेतून जाते, ध्यानातून नव्हे.

युद्धानंतर व्हिएन्ना महापालिका समाजवाद्यांच्या हाती आली आणि ओटो ग्लॉकेल यांनी शाळा बदलायला घेतल्या. ॲडलर यांनी तिथे बालमार्गदर्शन केंद्रे सुरू केली. पुढच्या काही वर्षांत शहरात अशी २५ हून अधिक केंद्रे झाली. सल्ला फुकट, काम करणारे डॉक्टर आणि शिक्षक. पद्धत वेगळी होती. मुलाची हकीकत आधी शिक्षक सांगायचे, मग आईवडील, मग मुलाला आत बोलावले जायचे, आणि समोर शिक्षकांचा एक गट बसलेला असायचा. एका मुलाच्या निमित्ताने सगळेच शिकायचे. फ्रॉइडचा पलंग इथे नव्हता. समोरासमोर, सारख्या उंचीच्या खुर्च्या. रुग्णाला ते लहानपणीची पहिली आठवण विचारायचे. दुसरा आवडता प्रश्न, उद्या तू बरा झालास तर काय करशील? उत्तरात जे काम यायचे, तेच टाळायला आजार उपयोगी पडत असल्याचे पुष्कळदा दिसायचे. कामगारांच्या रात्रशाळेत दिलेल्या व्याख्यानांतून त्यांचे मानवी स्वभावावरचे पुस्तक झाले, ते अमेरिकेतही पुष्कळ खपले.

आपल्या वस्त्यांत आज समुपदेशन हवे असेल तर तासाला हजार-दीड हजार मोजावे लागतात, नाहीतर वेड लागले का म्हणून ऐकावे लागते. विहारात रविवारी दोन तास असे खुले केंद्र का चालू नये, हा प्रश्न मी कार्यकर्त्यांपुढे ठेवतो.

ॲडलर यांच्यावरचा सर्वांत मोलाचा आक्षेप मार्टिनिकच्या फ्रान्त्झ फॅनन या काळ्या डॉक्टरने १९५२ मध्ये घेतला. जिथे अख्ख्या समाजालाच खालचे ठरवले आहे, तिथे न्यूनगंड एकट्या माणसाच्या खात्यावर कसा मांडता येईल? आक्षेप बिनतोड आहे. मात्र अमेरिकेत काळ्या मुलांच्या मनावर वेगळ्या शाळांचा काय परिणाम होतो हे बाहुल्यांच्या प्रयोगातून दाखवणाऱ्या केनेथ क्लार्क यांनी आपल्या विचारांवरचे ॲडलर यांचे ऋण मान्य केले आहे. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा क्लार्क यांच्या कामाचा आधार घेतला होता.

१९३४ मध्ये ऑस्ट्रियात हुकूमशाही आली आणि केंद्रे बंद झाली. वर्षभरात ॲडलर कायमचे अमेरिकेला गेले. थोरली मुलगी व्हॅलेंटिन सोव्हिएत रशियात होती. १९३७ च्या सुरुवातीपासून तिची खबर येईना. तिला अटक झाली होती, पुढे ती छावणीतच वारली. जगभरच्या मुलांच्या आईबापांना धीर देणारा हा बाप त्या वर्षी स्वतः बेचैन होता, तरी व्याख्यानांचा दौरा त्याने सोडला नाही. २८ मे १९३७ च्या सकाळी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहरात फिरायला निघालेले ॲडलर रस्त्यातच कोसळले. वय ६७. एडिनबर्गला दहन झाले, आणि अस्थी तिथल्या स्मशानगृहातच राहून गेल्या. त्या २००७ मध्ये सापडल्या आणि २०११ मध्ये व्हिएन्नाला नेण्यात आल्या.