काळ्या चष्म्याचा गायक : रॉय ऑर्बिसन



आपल्या स्नेहसंमेलनात बहुतेक दरवर्षी कुठला ना कुठला गट ‘कल हो ना हो’ या २००३ सालच्या चित्रपटातील ‘प्रिटी वुमन’ या गाण्यावर नाच बसवतो. हिंदी शब्द जावेद अख्तर यांचे आणि संगीत शंकर-एहसान-लॉय यांचे असले, तरी त्याचा गाभा एका अमेरिकन गाण्याचा आहे आणि तो रीतसर परवानगी घेऊन वापरला आहे. यंदा तालमीच्या वेळी सातवीतल्या एका मुलीने विचारले, की मग मूळ गाणे कुणाचे? त्या गडबडीत मी नुसते नाव सांगून मोकळा झालो. घरी गेल्यावर मात्र वाटले की नावावर भागवण्यासारखे ते आयुष्य नव्हते. म्हणून हा लेख. पालकांपैकी ज्यांनी ऐंशीच्या दशकात इंग्रजी गाणी ऐकली, त्यांना काही नावे ओळखीची वाटतील.

रॉय केल्टन ऑर्बिसन यांचा जन्म २३ एप्रिल १९३६ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात व्हर्नन या गावी झाला. वडील तेलविहिरींवर आणि मोटार दुरुस्तीचे काम करीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुटुंब कामासाठी फोर्ट वर्थ शहरात गेले. १९४६ साली ते विंक नावाच्या गावी स्थायिक झाले. विंक म्हणजे पश्चिम टेक्सासच्या रखरखीत भागातले, तेलावर जगणारे छोटेसे गाव. रॉयची दृष्टी लहानपणापासून अधू होती. जाड भिंगांचा चष्मा, फिकट केस, लाजाळू स्वभाव. पुढे त्याने केस काळे रंगवायला सुरुवात केली. आपण दिसायला बरे नाही हा न्यूनगंड त्याच्या मनात पक्का होता. सहाव्या वाढदिवसाला त्याने माउथ ऑर्गन मागितला होता, वडिलांनी गिटार आणून दिली. तेराव्या वर्षी शाळेतल्या मित्रांना घेऊन त्याने ‘विंक वेस्टर्नर्स’ हा वाद्यवृंद काढला.

तेलाच्या मुलखातला मुलगा म्हणून तो कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकायला गेला, पण मन गाण्यात होते. त्याच कॉलेजातील दोन विद्यार्थ्यांनी लिहिलेले ‘ऊबी डूबी’ हे धमाल गाणे १९५६ साली मेंफिस शहरातल्या सन रेकॉर्ड्स या कंपनीने काढले. एल्विस प्रेस्लीची पहिली ध्वनिमुद्रिका काढणारी हीच ती कंपनी. गाणे अमेरिकेच्या यादीत एकोणसाठाव्या क्रमांकापर्यंत गेले. कंपनीचे मालक सॅम फिलिप्स यांना ऑर्बिसनकडून अशीच उड्या मारायला लावणारी गाणी हवी होती, आणि ऑर्बिसनना संथ, भावपूर्ण गाणी गायची होती. हे जमणारे नव्हते. १९५७ साली त्यांचे क्लॉडेट फ्रेडी हिच्याशी लग्न झाले. तिच्या नावाचे गाणे त्यांनी लिहिले, ते एव्हरली ब्रदर्स या लोकप्रिय जोडीने गायले.

खरी सुरुवात झाली ती नॅशव्हिल शहरात, मॉन्युमेंट या नव्या कंपनीत, फ्रेड फॉस्टर या निर्मात्याबरोबर. ‘ओन्ली द लोनली’ हे गाणे ऑर्बिसननी जो मेल्सन या साथीदारासह लिहिले. ते त्यांनी आधी एल्विसला आणि मग एव्हरली ब्रदर्सना देऊ केले होते. कुणी घेतले नाही, म्हणून स्वतःच गायले. १९६० साली ते अमेरिकेत दुसऱ्या आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले.

आता थोडे त्यांच्या गाण्याविषयी, कारण संगीताच्या तासाला हे उपयोगी पडेल. आपल्या भावगीतात ध्रुवपद असते, दोन-तीन अंतरे असतात आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर गाडी ध्रुवपदावर येते. पाश्चात्य लोकप्रिय गाण्यांचीही साधारण हीच पद्धत. ऑर्बिसननी आपल्या कित्येक गाण्यांत ती मोडली. १९६१ सालचे ‘रनिंग स्केअर्ड’ हे दोन-सव्वादोन मिनिटांचे गाणे अगदी खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखे सुरू होते. तालही एकसारखा, पावले टाकल्यासारखा. ध्रुवपद येतच नाही. सूर आणि भीती दोन्ही चढत जातात आणि गाणे सर्वांत उंच सुरावर संपते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी हा शेवटचा सूर ते चोरट्या, पातळ आवाजात लावत होते आणि वाद्यांच्या गदारोळात तो बुडत होता. फॉस्टर यांच्या सांगण्यावरून पुढच्या खेपेला त्यांनी तो भरदार, मोकळ्या आवाजात लावला. साथीदार थक्क होऊन पाहतच राहिले. गाणे अमेरिकेत पहिले आले.

एक गंमत सांगायला हवी. सुरुवातीला त्यांचा आवाज इतका मृदू होता, की एकाच खोलीत सगळे वाजवू लागले की तो ऐकू येईना. तेव्हा फॉस्टर यांनी कोट टांगायचा स्टँड कपड्यांनी भरून कोपऱ्यात आडोसा केला आणि त्यामागे ऑर्बिसनना उभे केले. पूर्वी आपल्या शाळेत नाटकाचे ध्वनिमुद्रण गोधड्या टांगून होत असे, त्याची मला आठवण झाली.

१९६३ साली ते ब्रिटनच्या दौऱ्यावर गेले. त्याच कार्यक्रमात बीटल्स हे चार तरुणही होते आणि त्यांची लाट नुकती उसळत होती. ऑर्बिसन रंगमंचावर काहीच करीत नसत. नाच नाही, हातवारे नाहीत, दोन गाण्यांमध्ये फारसे बोलणे नाही. काळे कपडे घालून स्थिर उभे राहायचे आणि गायचे. तरीही पहिल्या रात्री वन्समोअर इतके मिळत गेले की पडद्यामागे बीटल्सना ताटकळावे लागले. याच सुमारास विमानात त्यांचा साधा चष्मा राहून गेला आणि जवळ असलेला नंबरचा काळा चष्मा लावून त्यांना कार्यक्रम करावा लागला. तोच पुढे त्यांची ओळख झाला. पुष्कळांना वाटे की ते अंध आहेत. ते अंध नव्हते.

१९६४ साली बिल डीज या मित्राबरोबर ते गाणे लिहीत बसले असताना क्लॉडेट बाजारात निघाली. पैसे हवेत का, असे त्यांनी विचारले. सुंदर स्त्रीला पैसे लागतच नाहीत, अशी कोटी डीजने केली. ती परत येईपर्यंत गाणे तयार होते! ‘ओ, प्रिटी वुमन’ अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना पहिले आले. ज्या वर्षी अमेरिकेच्या याद्या ब्रिटिश वाद्यवृंदांनी व्यापल्या होत्या, त्याच वर्षी.

इथपर्यंतची गोष्ट चढत्या सुराची. १९६५ साली मोठ्या रकमेच्या करारावर ते एम.जी.एम. कंपनीत गेले. माझ्या मते ही त्यांची चूक होती. नव्या कंपनीला भराभर ध्वनिमुद्रिका हव्या होत्या, आणि फॉस्टर यांच्यासारखा कान असलेला माणूस आता शेजारी नव्हता. चित्रपटात नायक होण्याचाही प्रयत्न झाला, तो साफ पडला. लोकांची आवड तर झपाट्याने बदलत होती. १९६६ नंतर वीसहून अधिक वर्षे त्यांचे एकही गाणे अमेरिकेच्या यादीत पहिल्या चाळीसांत आले नाही.

पण ही झाली धंद्याची बाजू. जून १९६६ मध्ये पती-पत्नी आपापल्या मोटारसायकलींवरून घरी परतत असताना एका ट्रकशी झालेल्या अपघातात क्लॉडेट गेली. सप्टेंबर १९६८ मध्ये ऑर्बिसन इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना नॅशव्हिलजवळील हेंडरसनव्हिल येथील त्यांच्या घराला आग लागली. तीन मुलांपैकी थोरले दोघे त्यात दगावले. धाकटा वेस्ली तेवढा आजी-आजोबांबरोबर वाचला. शेजारी गायक जॉनी कॅश राहत. ती जागा ऑर्बिसनना नकोशी झाली, तेव्हा कॅश यांनी ती विकत घेतली आणि तिथे घर न बांधता फळझाडे लावली.

त्यांच्याविषयी लिहिणारे बरेच जण म्हणतात, की आयुष्यातल्या दुःखामुळे त्यांची गाणी अशी करुण झाली. तारखा पाहा. एकाकी माणसाचे, रडणाऱ्या माणसाचे, स्वप्नात भेटणाऱ्या प्रियेचे गाणे ही सगळी १९६० ते १९६३ मधली, म्हणजे संकटांच्या आधीची. दुःखाने ती लिहून घेतली नाहीत. उलट पुढची वीस वर्षे तीच गाणी, प्रत्यक्ष दुःख भोगलेल्या तोंडाने, त्यांना रोज रात्री गावी लागली.

आणि ती त्यांनी गायली. १९६९ साली बार्बरा या जर्मन तरुणीशी त्यांनी विवाह केला. आणखी दोन मुलगे झाले. १९७८ साली हृदयावर शस्त्रक्रिया झाली. १९७९ च्या ध्वनिमुद्रिकेची फारशी दखल कुणी घेतली नाही. पण दौरे थांबले नाहीत. सभागृह लहान असो की मोठे, काळ्या कपड्यांत तसेच स्थिर उभे राहून ते गात राहिले. बल्गेरियाची राजधानी सोफिया येथे तर लोकांनी रस्त्यात असे घेरले की हॉटेलच्या खोलीबाहेर पडणे कठीण झाले. मायदेशाला विसर पडला असताना तिथे ते आठवणीत होते.

मग १९८६ साली दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांनी ‘ब्लू व्हेल्वेट’ या चित्रपटात त्यांचे ‘इन ड्रीम्स’ हे जुने गाणे वापरले. (चित्रपट लहान मुलांसाठी नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.) एवढ्या हळव्या गाण्याचा तसा भीषण उपयोग पाहून ऑर्बिसन आधी हबकलेच. नंतर त्यांना त्यातली ताकद कळली. ते गाणे नव्या पिढीच्या कानावर पडले. पुढच्याच वर्षी ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला. त्या समारंभात त्यांची ओळख करून द्यायला उभे राहिले ते ब्रूस स्प्रिंगस्टीन, त्या वेळचे अमेरिकेतले सर्वांत मोठे रॉक गायक. ३० सप्टेंबर १९८७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये एक कार्यक्रम कृष्णधवल चित्रित झाला. त्यात हेच स्प्रिंगस्टीन, एल्विस कॉस्टेलो, टॉम वेट्स, बॉनी रेट, के. डी. लँग अशी एकेक बडी मंडळी मागे उभी राहून साथ करताना दिसतात. गुरूच्या मागे तंबोरा घेऊन शिष्य बसतात ना, तसे. कुणालाच पुढे यायची घाई नाही.

१९८८ च्या वसंतात जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, टॉम पेटी आणि जेफ लिन यांच्याबरोबर एक गाणे गमतीत जमले. त्यातून पाच जणांचा ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’ हा वाद्यवृंद तयार झाला. ऑर्बिसननी त्यात यावे म्हणून हॅरिसन, पेटी आणि लिन त्यांच्या अनाहाइम येथील कार्यक्रमाला जाऊन त्यांना भेटले. ऑक्टोबरमध्ये ध्वनिमुद्रिका निघाली आणि जोरात खपली.

त्याच सुमारास त्यांची स्वतःची नवी ध्वनिमुद्रिका पुरी होत होती, ‘मिस्टरी गर्ल’. संपूर्ण नव्या गाण्यांची, जवळजवळ दहा वर्षांनंतरची. जेफ लिन आणि टॉम पेटी यांच्याबरोबर ‘यू गॉट इट’ लिहिले गेले. कॉस्टेलो यांनी एक गाणे दिले. वाचलेला मुलगा वेस्ली आता मोठा झाला होता, त्याच्याही एका गाण्याला जागा मिळाली. आयर्लंडच्या यू-टू या वाद्यवृंदाचे गायक बोनो यांची हकीकत तर अशी, की ‘ब्लू व्हेल्वेट’ची गाणी ऐकत झोपल्यावर सकाळी एक चाल डोक्यात घेऊन ते उठले, आणि ही चाल ऑर्बिसनना शोभेल असे साथीदारांना सांगत राहिले. त्याच रात्री लंडनमधल्या त्यांच्या कार्यक्रमानंतर दारावर थाप पडली. बाहेर साक्षात ऑर्बिसन उभे होते, आपल्यासाठी एखादे गाणे आहे का, हे विचारायला. पन्नाशी उलटलेला, एवढे नाव कमावलेला माणूस विशीतल्या-तिशीतल्या पोरांकडे गाणे मागतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

वर्तमानपत्रांनी याला पुनरागमन म्हटले. पण गेले होते कोण? ऑर्बिसन वर्षानुवर्षे त्याच जागी उभे राहून गात होते. उठून गेले होते ते श्रोते.

नोव्हेंबर १९८८ मध्ये बेल्जियममधील अँटवर्प येथे त्यांनी ‘यू गॉट इट’ लोकांपुढे गायले. छातीत दुखत होते, तरी दौरा चालू ठेवला. ४ डिसेंबरला ओहायो राज्यात कार्यक्रम केला. ६ डिसेंबरला हेंडरसनव्हिलमध्ये आईच्या घरी असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२ वर्षे. ‘मिस्टरी गर्ल’ १९८९ च्या सुरुवातीला बाजारात आली. अमेरिकेत पाचव्या आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेली. पंचवीस वर्षांनी त्यांचे गाणे अमेरिकेच्या पहिल्या दहांत आले. विल्बरीजच्या पुढच्या गाण्याच्या चित्रफितीत त्यांच्या जागी एक रिकामी झुलती खुर्ची आहे आणि तीवर गिटार ठेवलेली आहे.

लॉस एंजेलिसमधील त्यांच्या कबरीवर नावाची शिळा बसवली गेली नाही. पत्नी बार्बरा यांचे २०११ साली निधन झाले, तेही ६ डिसेंबरलाच. त्यांना पतीशेजारीच पुरण्यात आले. ऑर्बिसन यांच्या जुन्या सामानातून एक कॅसेट निघाली होती. त्यावर त्यांच्या आवाजात अर्धवट मुद्रित केलेले एक गाणे होते. २०१४ साली ‘मिस्टरी गर्ल’ पुन्हा काढताना वेस्ली, रॉय धाकटा आणि ॲलेक्स या तिन्ही मुलांनी त्या आवाजामागे स्वतः वाद्ये वाजवून ते पुरे केले. काम झाले हेंडरसनव्हिलमध्ये, जॉनी कॅश यांच्या जुन्या स्टुडिओत, आणि निर्माता होता कॅश यांचा मुलगा.