होमी भाभा आणि कथलाचा टाका

होमी जहांगीर भाभा म्हटले की ट्रॉम्बेची अणुभट्टी डोळ्यांपुढे येते. त्या भट्टीवर नजर ठेवणारी यंत्रे टाका टाका जोडून इथेच तयार झाली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरात झाला. मुलाने केंब्रिजला इंजिनिअर व्हावे आणि जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात लागावे, अशी वडिलांची इच्छा. १९३० साली ती परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन भाभा भौतिकशास्त्राकडे वळले. १९३९ मध्ये सुटीवर भारतात आले, तोच महायुद्ध पेटले आणि परतणे राहून गेले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते विश्वकिरणांच्या अभ्यासाला लागले.

हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. गायगर नळीतून किरण गेला की विजेचा क्षीण ठोका उमटतो. तो मोठा करून मोजणारी जोडणी लागते. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली, तेव्हा भाभांनी गणितज्ञांइतकेच इलेक्ट्रॉनिक्सच्या कारागिरीलाही महत्त्व दिले. यंत्र बाहेरून आणले तर बिघडल्यावर दुरुस्तीलाही बाहेरचाच माणूस लागतो, हे त्यांना पुरते कळले होते.

या कारागिरीचा जीव सोल्डरच्या टाक्यात असतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे एकत्र केले की मिश्रण १८३ अंशांनाच पातळ होते. कल्हईवाला भांड्यावर नवसागर टाकतो तो धातूवरचा थर काढायला. इथे तेच काम राळ करते. तार आणि पट्टी दोन्ही नीट तापल्या नाहीत, किंवा निवताना तार हलली, तर टाका कच्चा राहतो. दिसायला तो जोडलेलाच असतो. आज वीज जाते, उद्या यंत्र तापले की जात नाही.

रेडिओत असे झाले तर गाणे बंद पडते. किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात झाले तर काटा शून्यावर राहतो आणि कामगाराला वाटते, इथे धोका नाही. म्हणूनच असे यंत्र वापरण्याआधी माहितीच्या किरणोत्सारी नमुन्याजवळ धरून तपासून घेतात. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा भट्टी सुरू झाली. तिचे इंधन ब्रिटनचे होते, पण नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ए. एस. राव यांच्या चमूने इथेच बनवली होती. भाभांनी पत्करलेली ही जोखीम लहान नव्हती.

त्याच सुमारास टाटा संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने संगणक बांधायला घेतला. १९६० साली पूर्ण झालेल्या टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० निर्वात नळ्या आणि १२,५०० रोधक होते. एका रोधकाला दोन टोके धरली, तरी नुसत्या रोधकांचेच २५,००० जोड!

टाका चांगला यायचा तर सोल्डरिंग आयर्न सांभाळावे लागते. टोक काळे पडले की उष्णता पुढे जात नाही. ते ओल्या स्पंजवर पुसून, थोडे सोल्डर चढवूनच ठेवायचे. आजच्या टोकांवर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. कानस मारली की तो जातो आणि आतले तांबे सोल्डरमध्ये विरघळू लागते. चिखलीत मोबाइल किंवा पंपाचे स्टार्टर दुरुस्त करणाऱ्यालाही हाच नियम. शिशाबद्दल मात्र गैरसमज आहे. या तापमानाला त्याची वाफ जवळपास होत नाही; ते बोटांवरून तोंडात जाते. त्याच हातांनी तंबाखू मळणे किंवा चहाबरोबर बिस्किट खाणे हा खरा धोका. साबणाने हात धुतले की तो बराच टळतो. धूर असतो तो राळेचा. त्याने दमा जडू शकतो, म्हणून तो तोंडापासून दूर ओढून घेणारा पंखा हवा. शिसेविरहित सोल्डरही आता सर्रास मिळते, पण ते २१७ अंशांच्या पुढे वितळते आणि टोक लवकर झिजवते.

१९६२ च्या चीन युद्धानंतर देशाला इलेक्ट्रॉनिक्समध्ये किती मजल मारायची आहे, हे ठरवण्यासाठी १९६३ साली समिती नेमली गेली. अध्यक्ष भाभा, विक्रम साराभाई आणि ए. एस. राव सदस्यांत होते. अहवाल १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला, पण भाभा तेव्हा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे विमान मॉं ब्लांवर कोसळले. त्यातील ११७ जणांत ते होते. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया सुरू झाली आणि तिची धुरा अप्सराची यंत्रणा घडवणाऱ्या राव यांच्याकडे आली.