अण्णासाहेबांचे पावतीपुस्तक

भंडारा, तुमसर किंवा साकोली येथील शिक्षकाला वा कचेरीतील कारकुनाला वर्गणी मागणारा माणूस काही नवा नाही. पगाराच्या आठवड्यात तो हटकून येतो. कधी शाळेसाठी, कधी वसतिगृहासाठी, कधी अनाथाश्रमासाठी. घरातूनच ‘साहेब बाहेर गेले आहेत’ असा निरोप पाठविण्याची रीतही तितकीच जुनी आहे. पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडण्यात ज्याचे जवळजवळ अर्धे शतक गेले, त्या गणिताच्या प्राध्यापकाचे चरित्र या दृष्टीने फारसे पाहिले जात नाही. धोंडो केशव कर्वे यांना समाज महर्षी म्हणून ओळखतो. निधिसंकलक म्हणून नव्हे.

या कामाला लागणारे गुण त्यांच्या अंगी उपजत होते असे म्हणता येणार नाही. 18 एप्रिल 1858 रोजी जन्मलेला कोकणातील मुरुडचा हा मुलगा अतिशय लाजाळू आणि अंगाने किरकोळ होता. 1875 मध्ये परीक्षेसाठी तो मुरुडहून साताऱ्यास पायी गेला आणि वयाने लहान दिसतो एवढ्याच कारणावरून परत पाठविला गेला. पुढे मुंबईत शिकून, शिकवण्या करून त्यांनी पदवी मिळविली. संसार पुरता मांडला नव्हता तोच त्यांनी गावासाठी ‘मुरुड फंड’ उभारला. बाहेरगावी नोकरीस असलेल्या मुरुडकरांनी आपल्या मिळकतीतील लहानसा वाटा नियमाने गावाच्या कामासाठी द्यावा, ही त्यामागील कल्पना. दान हे लहरीवर न सोडता मिळकतीशी जोडावे, हे सूत्र त्यांना इतक्या लवकर सुचले होते. पत्नीच्या मृत्यूनंतर 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा ज्या गावासाठी फंड काढला त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला.

14 जून 1896 रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली. आरंभी स्वतःच्या शिलकीतील एक हजार रुपये त्यांनी संस्थेला दिले. पुढे आयुर्विम्याची पॉलिसीही तिच्या नावे केली. फर्ग्युसन महाविद्यालयातील आजीव सदस्याला दरमहा 75 रुपये मिळत, हे ध्यानात घेतले म्हणजे या रकमांचे वजन कळते. त्याची झळ अर्थातच घरात आनंदीबाईंना लागली. त्यागाचा हिशेब मांडताना चरित्रकार त्यांचे नाव बहुधा गाळतात. 1900 मध्ये आश्रम हिंगण्यास, रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जमिनीवर गेला. अण्णासाहेब महाविद्यालयात शिकवून सायंकाळी पायी हिंगण्याची वाट धरीत, आणि सुटी लागली की वर्गणीसाठी परगावी निघत.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहिला. पुनर्विवाह करून समाजाचा रोष ओढवून घेतलेल्या माणसाला विधवांच्या शिक्षणासाठी पैसा देणार कोण? विधवाशिक्षणास अनुकूल असलेले अनेक गृहस्थ पुनर्विवाहाच्या नावाने बिचकत. अण्णासाहेबांनी निर्णय घेतला: आश्रम हा केवळ शिक्षणासाठी राहील, पुनर्विवाहाचा प्रचार तेथे होणार नाही, आणि स्वतःही ते त्या चळवळीपासून हळूहळू दूर झाले. कडव्या सुधारकांना हे कच खाणे वाटले. त्यांचा आक्षेप सर्वस्वी चुकीचा होता असे नाही. देणगीदाराच्या मताला मान देताना कार्यकर्त्याच्या मताला मुरड पडतेच, आणि अण्णासाहेबांनी ही किंमत उघड्या डोळ्यांनी मोजली. ती मोजली नसती तर हिंगण्याची झोपडी दुसरा पावसाळा पाहती की नाही, याची शंकाच आहे.

लवकरच या भ्रमंतीत त्यांना तोलामोलाची सोबत मिळाली. आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले ही विसाव्या वर्षी विधवा झालेली, पदरी मूल असलेली स्त्री. ती आश्रमात शिकली, तेथेच कामास लागली आणि पुढे गावोगाव व्याख्याने देत निधी गोळा करू लागली. केशवपन केलेली एकटी स्त्री परक्या गावात सभेपुढे उभी राहते, हे दृश्य त्या काळी केवढे अपूर्व असेल! 1912 च्या सुमारास त्यांनी केशवपनाची रूढी सोडली आणि 1918 मध्ये इंग्रजी शिकण्यासाठी थेट अमेरिका गाठली. अण्णासाहेबांच्या यशातील त्यांचा वाटा अजून पुरता मोजला गेलेला नाही.

1916 मध्ये महिला विद्यापीठ निघाले, ते सरकारी सनदेवाचून आणि लोकांच्या वर्गणीवर. चार वर्षांनी सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्क्यांनी तिचे वार्षिक व्याज 52,500 रुपये होते. रुपया-आठ आण्यांच्या पावत्या फाडणाऱ्या संस्थेला हे भाग्य स्वप्नवतच वाटले असणार. परंतु मोठ्या देणगीबरोबर अटी येतात. विद्यापीठाला दात्याच्या मातोश्रींचे नाव मिळाले. 1922 मध्ये सर विठ्ठलदास निवर्तले, पुढे विश्वस्तांशी मतभेद होऊन काही काळ व्याजाचा ओघ थांबला, आणि 1936 मध्ये विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस गेले. हजार लहान वर्गणीदारांपैकी शंभर रुसले तरी संस्था चालते. एकच मोठा दाता हात आखडता घेऊ लागला की तिचा श्वास कोंडतो. दरम्यान 1929 पासून सत्तरीतील अण्णासाहेब युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिका येथे विद्यापीठाची माहिती देत, मदत मागत फिरले. आफ्रिकेत आनंदीबाईही बरोबर होत्या.

याच 1936 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत शाळाच नाही तेथे ती काढण्याचा हा उद्योग होता. त्यासाठी ना लक्षाधीश दाता होता ना सरकारी अनुदानाची हमी. स्वतःच्या पेन्शनमधील दरमहाचा काही भाग बाजूला काढून त्यांनी आरंभ केला आणि उरलेल्यासाठी ते पुण्याच्या पेठांतून, पूर्वीप्रमाणेच, लहान लहान वर्गण्या मागत पुन्हा हिंडू लागले.